व्होल्टेज शून्य, करंट शून्य, तरी नॉइज जास्त का? अणुएवढ्या जोडातला तापमान-फरकाचा नॉइज

प्रश्न असा आहे. सोन्याच्या तारेचा अणुएवढा जोड, म्हणजे ब्रेक जंक्शन, घेतलेला आहे. एक टोक १० केल्विनला, दुसरं हीटर लावून ३० केल्विनला. व्होल्टेज लावलेलं नाही आणि सरासरी करंट जवळजवळ शून्य. जोडाची वाहकता क्वांटम एककाच्या (७७.५ मायक्रोसीमेन्स, म्हणजे पूर्ण उघड्या एका वाटेची वाहकता) निम्मी. २० केल्विन हे सरासरी तापमान धरून जॉन्सन-नायक्विस्ट सूत्र (तापमानामुळे येणाऱ्या नॉइजचं सूत्र) जेवढा नॉइज देतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात तो पाच-सहा टक्के जास्त येतोय. हा अॅम्प्लिफायरचा दोष, तापमापकाची चूक, की खरोखरच वेगळा नॉइज? आणि खरा असेल तर तो बाकीच्यांपासून वेगळा कसा काढायचा?

असा नॉइज खरोखर असतो, आणि तुमच्या जोडात तो सुमारे पाच टक्केच असायला हवा. पण फक्त आकडा जुळला म्हणून तोच सापडला असं मी म्हणणार नाही. नॉइजमध्ये पाच टक्क्यांचा फरक दाखवू शकतील अशा निदान चार गोष्टी तुमच्या मांडणीत आहेत, आणि त्यातल्या एकीलाही या नॉइजशी देणंघेणं नाही. आधी भौतिकी, मग त्या चार गोष्टी.

शॉट नॉइज शॉटकीने १९१८ मध्ये मांडला आणि औष्णिक नॉइज जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये. तेव्हापासून आपल्या डोक्यात दोन कप्पे पक्के बसले आहेत. तापमान असेल तर औष्णिक नॉइज, करंट वाहत असेल तर शॉट नॉइज. तुमचा जोड या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. करंट नाही, म्हणून शॉट नॉइज नको. तापमान एकच नाही, म्हणून जॉन्सनचं सूत्र जसंच्या तसं लागू नको, कारण ते समतोलातल्या वाहकासाठी आहे. दोन तापमानांची सरासरी काढून ती सूत्रात घालणं हा अंदाज आहे, नियम नव्हे. तो अंदाज नेमका कुठे फसतो, तिथेच हा नॉइज आहे.

आता जोडाकडे लांडाउअर या भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहू, म्हणजे इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याच्या शक्यतेच्या भाषेत. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांचे मोठे साठे, मध्ये एक अरुंद वाट. या वाटेला ‘चॅनेल’ म्हणतात आणि प्रत्येक चॅनेलची एक पारगमन शक्यता असते. तिला टाऊ म्हणू. पलीकडे जाण्याची शक्यता टाऊ, परत फिरण्याची १ वजा टाऊ. गरम बाजूला फर्मी पातळीच्या (शून्य केल्विनला इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेले असतात ती ऊर्जा) वरच्या ऊर्जांवर इलेक्ट्रॉन जास्त आहेत, म्हणून वरच्या मजल्यावर निव्वळ प्रवाह गरमकडून थंडकडे जातो. फर्मी पातळीच्या खालच्या ऊर्जांवर उलट परिस्थिती. तिथे गरम बाजूच्या जागा रिकाम्या झालेल्या असतात, म्हणून थंडकडून गरमकडे प्रवाह. टाऊ ऊर्जेनुसार बदलत नसेल तर हे दोन प्रवाह तंतोतंत सारखे. बेरीज शून्य. तुमचा मीटर शून्य दाखवतो तो यामुळे.

पण खात्यात जमा आणि नावे सारखे असले म्हणून व्यवहार झालेच नाहीत असं होत नाही. वरच्या ऊर्जेवर आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन जोडापाशी येतो तेव्हा पलीकडे जाईल की परत फिरेल हे नशिबावर असतं, आणि खालच्या ऊर्जेवरही तसंच. दोन्हीकडचे सरासरी आकडे एकमेकांना खोडतात. त्यांचे चढउतार एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे खोडले जात नाहीत, त्यांची बेरीज होते.

गणितात हे फार स्वच्छ दिसतं. नॉइजच्या सूत्रात दोन पदं येतात. पहिल्या पदात प्रत्येक साठ्याचे स्वतःचे औष्णिक चढउतार असतात. ते दोन तापमानांच्या सरासरीइतकेच भरतात, अगदी अचूकपणे. म्हणजे तुमचा सरासरीचा अंदाज या पदापुरता बरोबर आहे. दुसऱ्या पदात टाऊ × (१ − टाऊ) आणि दोन्ही बाजूंच्या फर्मी फलनांमधल्या (कोणत्या ऊर्जेची जागा भरलेली असण्याची शक्यता किती, हे सांगणारी फलनं) फरकाचा वर्ग असतो. वर्ग असल्यामुळे फरक धन आहे की ऋण याला महत्त्व उरत नाही. व्होल्टेज लावलं तरी हे पद जागं होतं, नुसतं तापमान बदललं तरी होतं. व्होल्टेजने जागं झालं तर त्याला आपण शॉट नॉइज म्हणतो. तापमानाच्या फरकाने जागं झालं तर त्याचं नाव डेल्टा-टी नॉइज.

एक बारकावा मला नेहमी आवडतो. फर्मी पातळीवर दोन्ही फलनं अर्धी-अर्धी असतात, त्यांच्यात फरकच नसतो. म्हणजे विद्युत मापनांत ज्या इलेक्ट्रॉनांचं एवढं कौतुक होतं, ते नेमके फर्मी पातळीवरचे इलेक्ट्रॉन या नॉइजमध्ये काहीच भर घालत नाहीत. सगळ्यात जास्त वाटा त्या पातळीच्या वर आणि खाली, औष्णिक ऊर्जेच्या साधारण दीडपट अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांचा असतो.

तापमानातला फरक फार मोठा नसेल तर उत्तर असं निघतं. सरासरी तापमानाच्या औष्णिक नॉइजच्या तुलनेत जादा नॉइज = ०.१०७५ × फानो गुणक × (तापमानातला फरक ÷ सरासरी तापमान) चा वर्ग. ०.१०७५ हा आकडा प्रयोगातून बसवलेला नाही. तो (पायचा वर्ग − ६) ÷ ३६ आहे. फानो गुणक म्हणजे सगळ्या चॅनेलांच्या टाऊ × (१ − टाऊ) यांची बेरीज भागिले सगळ्या टाऊंची बेरीज. एकच चॅनेल आणि टाऊ अर्धा असेल तर फानो गुणक ०.५. तुमच्याकडे फरक २० केल्विन, सरासरीही २०, म्हणून गुणोत्तर १. उत्तर ५.४ टक्के.

फरक मोठा झाल्यावर हे सूत्र किती बिघडतं हा रास्त प्रश्न आहे. टोकाची परिस्थिती घ्या, थंड बाजू जवळजवळ शून्य केल्विनला. तिथे अचूक उत्तर काढता येतं. जादा वाटा फानो गुणकाच्या ०.३८६ पट येतो, वरचं साधं सूत्र ०.४३ पट सांगतं. म्हणजे अगदी टोकालाही चूक साधारण ११ टक्के, तीही फक्त जादा वाट्यात. तुमच्या १० आणि ३० केल्विनसाठी ते निश्चिंतपणे वापरा. टनेल जंक्शनमध्ये, म्हणजे दोन धातूंमध्ये पातळ विद्युतरोधक थर असलेल्या जोडात, टाऊ अगदी लहान, म्हणजे फानो गुणक १. तिथे थंड बाजू शून्याला असताना नॉइज असा दिसतो, जणू सगळा जोड गरम बाजूच्या तापमानाच्या ०.६९३ पटीला आहे. साधी सरासरी ०.५ म्हणाली असती. ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. असा लॉग दिसला की फर्मी फलनाचं समाकलन कुठेतरी दडलंय हे ओळखावं.

आता एक उपयोगी हिशोब. लहान व्होल्टेजला शॉट नॉइजचा जादा वाटा असतो फानो गुणक × (व्होल्टेजची ऊर्जा ÷ औष्णिक ऊर्जा) चा वर्ग ÷ १२. डेल्टा-टी नॉइजचं सूत्रही याच घडणीचं आहे. दोन्ही समोरासमोर ठेवले की फानो गुणक निघून जातो आणि उरतं ते असं: नॉइजच्या दृष्टीने १ केल्विनचा फरक म्हणजे सुमारे ९८ मायक्रोव्होल्टचं व्होल्टेज. तुमचे २० केल्विन म्हणजे जवळजवळ २ मिलिव्होल्ट. टाऊ ऊर्जेवर अवलंबून नसेल तर या दोन्ही कारणांचा मिश्र वाटा शून्य होतो, त्यामुळे दोघांची नुसती बेरीज करता येते.

हा एक आकडा लक्षात असला की बरेच वाद जागच्या जागी मिटतात. उदाहरणार्थ, कुणी म्हणेल की हा डेल्टा-टी वगैरे काही नाही, तापमानाच्या फरकाने थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेज तयार झालं आणि त्याचाच हा शॉट नॉइज आहे. सोन्याच्या अणुजोडांत ते व्होल्टेज केल्विनमागे फार तर काही मायक्रोव्होल्ट असतं. ९८ च्या तुलनेत ते पाच धरलं आणि वर्ग केला तर पाव टक्का उरतो. तोही एकूण नॉइजचा नाही, जादा वाट्याचा पाव टक्का. रेणूंच्या जोडांत, जिथे टाऊ ऊर्जेनुसार झपाट्याने बदलतो, तिथे मात्र ही शंका गंभीरपणे घ्यावी लागते.

याच आकड्याची दुसरी बाजू तितकीशी सुखाची नाही. अॅम्प्लिफायरच्या इनपुटमधून किंवा ग्राउंड लूपमधून जोडावर १ मिलिव्होल्टची ऑफसेट (नको असलेलं स्थिर व्होल्टेज) नकळत येत असेल, तर ती तुमच्या डेल्टा-टी नॉइजच्या चौथ्या हिश्श्याएवढा नॉइज स्वतःच तयार करेल. चार संशयितांपैकी ही पहिली, आणि पकडायलाही सगळ्यात सोपी. मुद्दाम थोडं व्होल्टेज लावा, अधिक आणि उणे, दोन-तीन मिलिव्होल्टपर्यंत, आणि नॉइजचा आलेख काढा. पॅराबोला मिळेल. त्याचा तळ जिथे आहे ते तुमचं खरं शून्य. मीटरवरच्या शून्यावर विसंबू नका, तळावरचा नॉइज घ्या.

दुसरी संशयित गोष्ट म्हणजे केबलची कपॅसिटन्स. जोडाचा रोध सुमारे २६ किलोओहम आणि केबलची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरली, तर दोघांच्या मिळून बनलेल्या गाळणीचा कोपरा, म्हणजे जिथून संकेत ठळकपणे घटू लागतो ती फ्रीक्वेन्सी, १२३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. कोपरा एवढा दूर असताना ३० किलोहर्ट्झला काय बिघडणार, असं वाटतं. तिथे नॉइजची घट ५.६ टक्के असते, म्हणजे तुम्ही शोधताय तेवढीच. वर्णपट कोपऱ्याच्या पलीकडेपर्यंत मोजा आणि कपॅसिटन्स धरून पूर्ण वक्र बसवा. एखाद्या फ्रीक्वेन्सीवरचा एकच आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका.

तिसरी गोष्ट वाहकता. व्होल्टेज नॉइज मोजत असाल तर तो रोधाच्या प्रमाणात असतो. हीटर सुरू केल्यावर टोकं किंचित पसरतात, अणू सरकतात, वाहकता पाच टक्क्यांनी खाली येते आणि नॉइज पाच टक्क्यांनी वर जातो. झाला शोध पूर्ण! प्रत्येक नॉइज मापनाच्या आधी आणि नंतर वाहकता मोजायचीच. दोन्ही जुळल्या नाहीत तर ते मापन फेकून द्यायचं, कितीही देखणं आलं असलं तरी. हीटर चालू-बंद करून तुलना करत असाल तर दोन्ही वेळची वाहकता स्वतंत्रपणे सूत्रात घाला.

चौथी गोष्ट सगळ्यात वाईट: सरासरी तापमान. २० केल्विनचे ५.४ टक्के म्हणजे जेमतेम १ केल्विन. गरम बाजू ३० ऐवजी ३२ केल्विनला असेल तर सरासरी २१ होते आणि तुमचा सगळा जादा नॉइज साध्या औष्णिक नॉइजमध्येच बसतो. तापमापक हीटरजवळ चिकटवलेला असतो, जोड त्याहून लांब असतो, इलेक्ट्रॉनांचं तापमान आणि धातूतल्या अणूंच्या जाळीचं तापमान यांतही फरक पडू शकतो. २ केल्विनची चूक सहज होते. एकाच जोडावर, एकाच हीटर-स्थितीत घेतलेलं मापन डेल्टा-टी नॉइज सिद्ध करू शकत नाही असं मी म्हणतो ते यामुळे.

हीटरची शक्ती वाढवत जाऊन वर्गाचं प्रमाण दाखवावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. चूक नाही, पण पुरेसाही नाही. हीटर वाढवला की सरासरी तापमानही वाढतं, आणि तापमापकाची चूक शक्तीबरोबर कशी बदलते हे कुणाला माहीत असतं? त्या चुकीतही थोडा बाक असतोच. दोन वक्ररेषा एकमेकींत मिसळल्या की हव्या तशा वेगळ्या करता येतात, आणि त्यात आपल्याला हवा तो निष्कर्ष निघतो.

त्यापेक्षा हीटर एका जागी ठेवा आणि जोड बदला. ब्रेक जंक्शनची खरी ताकद हीच आहे. जोड ज्यावर बसवलेला असतो ती पट्टी थोडी वाकवली, थोडी सोडली की अणूंची नवी मांडणी, नवी वाहकता, नवा फानो गुणक. तापमानं तीच राहतात. ती खरंच तीच राहतात का हेही तपासता येतं. विद्युत वाहकतेवरून इलेक्ट्रॉनांची उष्णता-वाहकता सांगणाऱ्या वीडमन-फ्रान्झ नियमाने तुमच्या जोडातून केल्विनमागे साधारण १९ पिकोवॉट उष्णता जाते. २० केल्विनच्या फरकाला ती अर्ध्या नॅनोवॉटच्याही खाली राहते. अणुजोडांतल्या इलेक्ट्रॉनांना हा नियम लागू पडतो हे २०१७ मध्ये सोन्याच्या एकअणू जोडांवर प्रत्यक्ष उष्णता मोजून दाखवलं गेलं आहे. हीटरची बाकी सगळी शक्ती पट्टीतून आणि तारांतून निघून जाते, तिला जोड असला काय, नसला काय, फरक पडत नाही. एक अट मात्र आहे, आत चांगला निर्वात हवा. शीतकरणासाठी सोडलेला हेलियम वायू राहिला असेल तर तो दोन्ही टोकांत उष्णता वाहून नेतो आणि फरक पुसून टाकतो.

मग प्रत्येक जोडासाठी दोन गोष्टी मोजा. आधी हीटर बंद ठेवून व्होल्टेज लावा आणि नेहमीच्या शॉट नॉइजमधून फानो गुणक काढा. मग हीटर चालू, व्होल्टेज शून्य, आणि नॉइज. हा नॉइज वाहकतेने आणि बोल्ट्झमन स्थिरांकाच्या चौपटीने भागून तापमानाच्या भाषेत आणा. उभ्या अक्षावर हे नॉइज-तापमान, आडव्या अक्षावर फानो गुणक. तापमानाच्या फरकाचा नॉइज खरा असेल तर सगळे बिंदू एका सरळ रेषेवर यायला हवेत. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते खरं सरासरी तापमान, आणि चढ म्हणजे ०.१०७५ × फरकाचा वर्ग ÷ सरासरी. तुमच्या आकड्यांना रेषा २० केल्विनपासून सुरू होऊन फानो गुणक १ पाशी जेमतेम २२.१५ पर्यंत जाईल.

या आलेखात तापमापकाची चूक कुठे गेली ते बघा. ती सगळ्या बिंदूंना सारखीच वर-खाली उचलेल, म्हणजे छेद सरकेल, पण नसलेला चढ तयार होणार नाही. आणि छेद व चढ दोन्ही मिळाल्यावर गरम आणि थंड बाजूंची तापमानं तुम्ही तापमापकाशिवाय काढू शकता. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या ओरेन ताल यांच्या गटाने, अब्राहम नित्झन आणि द्विरा सीगल यांच्या सैद्धांतिक मदतीने, हा नॉइज अणू आणि रेणूंच्या जोडांत पहिल्यांदा मोजला आणि त्याला डेल्टा-टी हे नाव दिलं. त्यांनीही उपयोग म्हणून हाच मुद्दा पुढे ठेवला: नॅनो पातळीवर तापमानाचा फरक मोजायला वेगळा तापमापक घडवायची गरज राहत नाही, जोड स्वतःच तापमापक होतो.

रेषा बसवायला आडव्या अक्षावर पसारा हवा. शुद्ध सोन्याच्या एकअणू जोडात जवळजवळ पूर्ण उघडं एकच चॅनेल असतं, त्यामुळे वाहकता एका क्वांटम एककापाशी, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्सपाशी, येऊन थांबते आणि फानो गुणक शून्याच्या जवळ जातो. रेषेचा डावा पाया पक्का करायला हे जोड उत्तम. पण एककाच्या खालच्या, अर्धवट उघड्या जोडांसाठी नुसतं सोनं कंजूष आहे. हायड्रोजनचे थोडे रेणू आत सोडले की ते जोडात अडकतात आणि वाहकता कितीतरी वेगवेगळ्या किमती घेते. २०१८ च्या प्रयोगातही सोन्याबरोबर हायड्रोजनच वापरला होता.

तुमचा फानो गुणक ०.५ च आहे हे तुम्ही वाहकतेवरून गृहीत धरलेलं दिसतं. ते धरू नका. निम्मी वाहकता एका अर्ध्या चॅनेलने येते, तशीच ती पाव-पाव अशा दोन चॅनेलांनीही येते, आणि मग फानो गुणक ०.७५ होऊन जादा वाटा ८ टक्क्यांवर जातो. पाच-सहा टक्क्यांचा तुमचा आकडा कशाशी जुळतोय हे शॉट नॉइज मोजल्याशिवाय कळणार नाही.

यंत्रसामग्रीबद्दल थोडं. २० केल्विनला २६ किलोओहमचा औष्णिक नॉइज सुमारे ५.३ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ असतो आणि त्यातला डेल्टा-टीचा वाटा साधारण १.२. चांगल्या, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या अॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज याच घरातला असतो. म्हणून दोन अॅम्प्लिफायर समांतर जोडून क्रॉस-कोरिलेशन घ्या, म्हणजे दोघांच्या संकेतांत सामाईक असलेला भागच मोजा. दोघांचे व्होल्टेज नॉइज एकमेकांशी संबंधित नसतात, ते सरासरीत विरतात. करंट नॉइज मात्र विरत नाही. तो जोडातूनच वाहतो, आणि दोन्ही अॅम्प्लिफायरांना सारखाच दिसतो. तो काढायचा तर हीटर बंद असताना वेगवेगळ्या रोधांना मोजमाप करून वजा करावा लागतो. सांख्यिकीची चिंता मात्र सोडा. १०० किलोहर्ट्झचा पट्टा आणि १ सेकंदाची सरासरी एवढ्यावर चूक ०.३ टक्क्यांच्या आसपास येते. रात्रभर सरासरी घेऊन वर सांगितलेल्या चार गोष्टींतली एकही सुधारत नाही.

कमी फ्रीक्वेन्सीला वाढत जाणारा फ्लिकर नॉइज इथे त्रास देईल का? तो मुळात रोधाच्या चढउतारांचा नॉइज आहे आणि करंट वाहिला तरच दिसतो. करंट शून्य असताना तो दिसला तर कुठूनतरी करंट येतोय असं समजा आणि पुन्हा पहिल्या संशयिताकडे जा. डेल्टा-टी नॉइज सपाट असतो, औष्णिक नॉइजसारखाच.

आणखी एक शंका अशा वेळी हमखास येते: नेहमीच्या कार्बन फिल्म रोधकाचं एक टोक गरम केलं तर हा नॉइज का दिसत नाही? कारण तिथे इलेक्ट्रॉन वाटेत असंख्य वेळा जाळीशी उष्णतेची देवाणघेवाण करतात. प्रत्येक छोटा तुकडा स्वतःच्या स्थानिक तापमानाला समतोलात असतो आणि एकूण नॉइज म्हणजे त्या तुकड्यांच्या जॉन्सन नॉइजची बेरीज. जादा काही उरत नाही. मधली अवस्था जास्त मजेदार आहे. अतिशय थंड, छोट्या धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांशी ऊर्जा वाटून घेतात, पण जाळीला देत नाहीत. तिथे तापमानाचा वर्ग तारेच्या लांबीवर सरळ रेषेत बदलतो, म्हणून तापमानाची सरासरी टोकांच्या साध्या सरासरीपेक्षा जास्त निघते, आणि १० व ३० केल्विनला ती २१.७ च्या आसपास येते. तुमच्या जोडाकडे जाणारी तार लांब आणि अरुंद असेल, तिचा रोध जोडाच्या तुलनेत नगण्य नसेल, तर हा वाटाही मोजणीत मिसळेल. जोडाच्या मालिकेतला रोध किती आहे ते एकदा पाहून ठेवा.

या नॉइजला ‘नवा’ म्हणावं का, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या सूत्रातून तो येतो ते लेसोविक आणि ब्यूटिकर यांनी १९९० च्या आसपास लिहिलं आहे, आणि दोन वेगळी तापमानं त्यात घालायला कुणाचीही मनाई नव्हती. नवेपणा आहे तो मोजण्यात, आणि ‘सरासरी तापमान’ या सवयीच्या अंदाजाकडे बोट दाखवण्यात. नंतर २०१९ मध्ये फ्रेडरिक पिएर यांच्या गटाने क्वांटम पॉइंट काँटॅक्टमध्ये (अर्धवाहकातली इलेक्ट्रॉनांसाठीची अरुंद वाट) आणि २०२० मध्ये कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात टनेल जंक्शनमध्ये तापमानाच्या फरकाने येणारा शॉट नॉइज मोजला गेला. सिद्धांताकडे त्याहून विचित्र गोष्टी आहेत. २०२० मध्ये असं दाखवलं गेलं की आंशिक क्वांटम हॉल अवस्थेत, जिथे भारवाहक परस्परांशी घट्ट बांधलेले असतात, हा जादा वाटा चक्क ऋण येऊ शकतो. वर सांगितलेला ‘फरकाचा वर्ग, म्हणून नेहमी धन’ हा युक्तिवाद एकमेकांकडे दुर्लक्ष करणाऱ्या इलेक्ट्रॉनांपुरताच आहे. तुमच्या सोन्याच्या जोडात तो बिनधास्त चालतो.

खोलीच्या तापमानाच्या सर्किटांत याची धास्ती घ्यायची का? नाही. ३०० केल्विनला १० केल्विनचा फरक असेल तर फानो गुणक १ धरूनही जादा वाटा दहा हजारांत एक-सव्वा भाग. मिलिकेल्विनला चालणाऱ्या उपकरणांत मात्र एक टोक २० आणि दुसरं ४० मिलिकेल्विनला असणं अगदी सहज घडतं. तिथे फरक भागिले सरासरी हे गुणोत्तर ०.६७ होतं आणि टनेल जंक्शनमध्ये जादा वाटा जवळजवळ ५ टक्के. नॉइजवरून इलेक्ट्रॉनांचं तापमान काढणाऱ्यांनी ते तापमान कुठल्या टोकाचं मानायचं, याचा त्या वेळी विचार करावा.

तुमच्या हातात सध्या एक बिंदू आहे. हीटर तसाच ठेवा, पॅराबोलाचा तळ शोधा, आणि पुढचे जोड शुद्ध सोन्याचे, एककापाशी थांबलेले घ्या. फानो गुणक ०.०५ च्या खाली असलेल्या जोडांतही नॉइज २० केल्विनच्या हिशोबापेक्षा पाच टक्केच वर राहिला, तर हीटरजवळचा तापमापक काढून जोडाजवळ लावायची वेळ आली आहे. तो अर्ध्या टक्क्याच्या आत खाली उतरला, तर हायड्रोजन सोडा आणि रेषेचे बाकीचे बिंदू गोळा करायला लागा.